जपानात इंग्रजी शिकवायचंय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जपानमधल्या इंग्रजी शिकवायच्या नोकऱ्यांबद्दल एक चौकट दिली होती, त्यावर एवढे मेसेज येऊन राहिले की शेवटी संपादक म्हणाले मॅडम आता तुम्हीच उत्तरं द्या, तिथे राहून शिकवून आलेल्या तुम्हीच आहात. सगळ्यांना उत्तर देणं काही शक्य नाही, ज्यातनं दहा जणांचं काम होईल असे पाच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : मॅडम, मी इंग्लिश लिटरेचरमधे बीए केलंय, आता बीएडला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम. मित्र म्हणतात जपानमधे फक्त गोऱ्यांनाच घेतात, तू काहून डोकं खपवतोस. खरं आहे का? (एक वाचक, मानेवाडा)

अर्धं खरं आहे. म्हणजे काही इंग्लिश क्लासेसवाले जाहिरातीतच नेटिव्ह स्पीकर पाहिजे म्हणून लिहितात आणि त्यांच्या डोक्यातला नेटिव्ह कसा दिसतो हे तुला-मला माहीत आहे. पण भारतीय, फिलिपिनो, आफ्रिकेतले लोकही तिथे शिकवतात, त्यामुळे रंगाचं टेन्शन आधी घेऊ नको, कागदांचं घे.

रस्ते मुख्य तीन. एक सरकारी, जेट प्रोग्राम, १९८७ पासून चालू आहे, त्यात शाळेत असिस्टंट टीचर म्हणून ठेवतात, तिथे सगळे एएलटी म्हणतात. त्याचा अर्ज आपल्या देशातल्या जपानी दूतावासातनं होतो, कुठलीही पदवी चालते, पण भारतातनं जाणारे फार कमी असतात, तेव्हा दिल्लीच्या दूतावासाच्या साइटवर लक्ष ठेव आणि त्या एकाच गोष्टीवर सगळं सोडून बसू नको. दुसरा रस्ता म्हणजे माणसं पुरवणाऱ्या प्रायव्हेट कंपन्या, त्या तिथल्या शिक्षण मंडळाचं कंत्राट घेतात आणि तुला शाळेत पाठवतात, काम जवळपास तेच, पगार आणि सोयी जेटपेक्षा साधारण कमीच. तिसरा एइकाइवा, म्हणजे संध्याकाळचे आणि वीकेंडचे इंग्रजी बोलायचे क्लास.

आता तुझी खरी अडचण सांगते. शाळेत शिकवायला इन्स्ट्रक्टर नावाचा व्हिसा लागतो आणि परदेशी भाषा शिकवायची असेल तर त्या भाषेतनं किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे असा त्यांचा नियम आहे. कॉन्व्हेंटवाल्यांचं दहा अधिक दोन अधिक तीन असं आरामात भरतं, तुझं अकरावीपासून मोजलं तर पाचच होतात. वाईट वाटेल, कारण कॉन्व्हेंटमधल्या अर्ध्या पोरांपेक्षा तुझं इंग्रजी चांगलं असू शकतं, पण इमिग्रेशनवाला तुझं इंग्रजी ऐकत नाही, तो कागद पाहतो. एइकाइवाच्या कंपन्या वेगळ्या व्हिसावर घेतात, तिथे पदवी लागते आणि ही १२ वर्षांची अट त्या व्हिसाला नाही, म्हणून तू तिकडे अर्ज कर. सेमी इंग्लिशवाल्या वाचकांनी मात्र नोकरी देणाऱ्या कंपनीलाच लेखी विचारा, तोंडी हो म्हटलेलं धरू नका. आणि इंग्लिश मीडियमवाल्यांनो, शाळेतनं आणि कॉलेजातनं मीडियमचं सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी क्लार्क सुट्टीवर असतो.

प्रश्न : मी झेडपीच्या शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवली, आता रिटायरमेंट घेतली. तिथल्या लहान मुलांना कसं शिकवतात याची फार उत्सुकता आहे. आपल्यासारखंच पाठांतर असतं का? (एक शिक्षिका, हिंगणा)

ताई, तुमच्या प्रश्नाने मला फार बरं वाटलं, बाकी सगळे पगारच विचारून राहिले.

प्राथमिक शाळेत इंग्रजी हा रीतसर मार्कांचा विषय झाला तो २०२० पासून, पाचवी-सहावीला. वर्षाला ७० तास, आणि तास म्हणजे ४५ मिनिटांचा. तिसरी-चौथीला ३५ तास, पण तिथे मार्क नाहीत, नुसती ओळख, गाणी, खेळ, कार्ड. आपल्याकडे पहिलीपासून पोरगं एबीसीडी घोकतं, तिथे दहा वर्षांचं पोर अजून डी आणि बी उलटं काढत असतं आणि कोणी डोळे वटारत नाही. मला हे आधी ढिलेपणा वाटायचं, नंतर पाहिलं की मुलं निदान इंग्रजीला घाबरत तरी नाहीत. भीती बसते ती पुढे, मिडल स्कूलमधे, हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षा डोक्यावर आल्या की. तिथे सगळा जोर व्याकरण आणि भाषांतरावर, बाहेर जुकु म्हणून प्रायव्हेट ट्युशन असतात तिथेही तेच. पोरगं प्रेझेंट परफेक्टचे प्रश्न बरोबर सोडवतं आणि हाऊ आर यू विचारलं की जमिनीकडे बघतं.

एक गोष्ट मात्र डोळ्यासमोर आणा. तुम्ही सहावीच्या वर्गात एका मुलाला विचारलं, व्हॉट फूड डू यू लाइक. तो उत्तर देत नाही. आधी शेजारच्याकडे वळतो, दोघं हळूच काहीतरी बोलतात, मागची मुलगीही त्यात येते, मग तो उभा राहतो आणि म्हणतो आय राइक करे राइसु. मधे चांगला अर्धा मिनिट जातो. आपल्या इकडचा मास्तर त्या अर्ध्या मिनिटात तीनदा ओरडला असता किंवा हुशार पोराला उभं केलं असतं. तिथे थांबायचं. त्याला येत नाही असं नाही, चारचौघांत चुकायचं नाही म्हणून तो आधी खात्री करून घेतो. हे थांबणं ज्या शिक्षकाला जमलं त्याचा वर्ग वर्षाच्या शेवटी बोलायला लागतो, बाकीच्यांचा लास्टपर्यंत कोरसमधेच बोलतो. आणि कोण आधी बोलणार यावर गाडी अडली तर पोरं लगेच जानकेन खेळतात, आपलंच स्टोन पेपर सीझर्स, त्यात हरला तो मुकाट्याने उभा राहतो, कोणाची तक्रार नाही.

उच्चारांचं म्हणाल तर त्यांच्या लिपीत एक न सोडला तर प्रत्येक अक्षराला स्वर चिकटलेला असतो, म्हणून मिल्कचं मिरुकु होतं आणि डेस्कचं देसुकु. र आणि ल वेगळे नाहीत, त्यामुळे राइस आणि लाइस त्यांच्या कानाला सारखेच लागतात. इथे मराठी माणसाचं बरं आहे, आपल्याकडे र, ल आणि वर ळसुद्धा आहे, जीभ कुठे लागते ते आपण आरशात दाखवू शकतो. पण आपलंही एक पाप आहे, वेस्ट म्हणजे पश्चिम आणि व्हेस्ट म्हणजे बनियन, दोन्ही आपण एकाच व मधे उरकतो. ते आधी सुधारून जायचं, कारण एएलटी म्हणून तुमचं अर्धं काम मोठ्याने वाचून दाखवायचं असतं आणि पोरं जसंच्या तसं उचलतात.

बाकी पाठांतर आहेच, गाणी पाठ, संवाद पाठ. दुपारचं जेवण वर्गातच मुलांसोबत असतं, वाढायचं कामही मुलंच करतात, नंतर वर्गही मुलंच झाडतात. बाहेरचे बूट आत चालत नाहीत, शाळेतल्या चपला वेगळ्या. आणि शाकाहारी असाल तर जेवणाचं आधीच बोलून ठेवा, माशाचा अर्क वरवर साध्या दिसणाऱ्या सुपातही असतो.

प्रश्न : माझे मिस्टर टोकियोत आयटीत आहेत, मी आणि मुलगी डिपेंडंट व्हिसावर जातोय. मी इथे स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते. तिथे शिकवू शकते का, आणि मोठी माणसं शिकायला येतात का? (एक वाचक, बेसा)

हो, पण परवानगी घेऊन. डिपेंडंट व्हिसावर मुळात काम करता येत नाही, इमिग्रेशन ऑफिसातनं वेगळी परवानगी काढावी लागते, ती रेसिडेन्स कार्डच्या मागे छापतात आणि मग आठवड्याला २८ तासांपर्यंत काम चालतं. कोणाच्या क्लासमधे तासांवर नोकरी केली तर हे सरळ आहे. घरी स्वतःचे विद्यार्थी घ्यायचे असतील तर त्याला वेगळी परवानगी लागू शकते, ते तिथेच विचारून घ्या, शेजारणीने सांगितलं म्हणून सुरू करू नका.

आणि मोठी माणसं? येतात म्हणजे काय, खरी मजा तिथेच आहे! ऑफिसवाल्यांचा जीव टोइकमधे अडकलेला असतो, १९७९ साली जपानच्याच मागणीवरून सुरू झालेली इंग्रजीची परीक्षा, ९९० पैकी मार्क, प्रमोशनला कामी येतात. पण तिचा नेहमीचा पेपर ऐकायचा आणि वाचायचा, बोलायचा भाग वेगळा आणि तो फार थोडे देतात. म्हणून ८०० वाला माणूस तुमच्यासमोर बसतो आणि स्वतःची ओळख करून देताना घामाघूम होतो. राकुतेन कंपनीने तर २०१२ पासून ऑफिसची भाषाच इंग्रजी करून टाकली, तेव्हा अशा लोकांचं काय झालं असेल विचार करा. यांना परत ग्रामर शिकवायला गेलात तर ते खूश होतील, फी देतील, आणि वर्षभराने तेवढंच बोलतील. त्यांना चुकीचं बोलायची सवय लावावी लागते, उलटं वाटतं पण तेच काम आहे.

दुसरे रिटायर्ड लोक. सत्तरीचे आजोबा, शार्प पेन्सिल, वही, इलेक्ट्रॉनिक डिक्शनरी, पाच मिनिटं आधी हजर. मागच्या आठवड्याचा होमवर्क सुवाच्य अक्षरात. ए कुठे आणि द कुठे यावर ते असा प्रश्न काढतात की आपली एमए हलते, कारण आपणही ते कानानेच शिकलो, जपानीतही आर्टिकल नाही आणि मराठीतही नाही. त्यांना नोकरी नको, परीक्षा नको, परदेशातली नातवंडं किंवा पुढची ट्रिप एवढंच डोक्यात असतं. अशा वर्गात दिवाळी, हुरडा पार्टी, नागपूरचा उन्हाळा यावर तासभर बोलता येतं. ४६ डिग्री सांगितलं की त्यांचे चेहरे पाहा फक्त.

मुलीसाठी सांगते, टोकियोच्या निशिकासाई भागात आपले लोक खूप आहेत, शहरात भारतीय शाळाही आहेत, पहिली २००४ साली सुरू झाली, आणि तिथे जपानी आईबापही इंग्रजी आणि गणितासाठी मुलं घालतात. शिक्षिकेची जागा तिथेही विचारून पाहा.

प्रश्न : एक एजंट मुलाला टीचर म्हणून पाठवतो म्हणतो, दोन लाख मागून राहिला, म्हणतो टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ. (एक पालक, वर्धमाननगर)

देऊ नका. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे. खऱ्या नोकरीत तिकडची कंपनीच जपानच्या इमिग्रेशनकडे अर्ज करून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी काढते, तो कागद साधारण तीन महिने चालतो, त्यावर तुम्ही इथे व्हिसा मागायचा. त्या एजंटला म्हणा आधी ते सर्टिफिकेट दाखव, मग बोलू. बहुतेक त्याचा फोनच बंद येईल.

आणि कंपनी खरी असली तरी मुलाजवळ दोन-तीन महिन्यांचा खर्च असू द्या. नोव्हा नावाची तिथली सगळ्यात मोठी इंग्रजी क्लासची कंपनी २००७ मधे दिवाळखोरीत गेली तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले होते. शिवाय घर भाड्याने घेताना डिपॉझिट आणि मालकाला द्यायची, परत न मिळणारी भेट अशी मोठी रक्कम एकदम जाते.

प्रश्न : नागपुरात बसूनच ऑनलाइन शिकवता येईल का? जपानी यायलाच पाहिजे का? (एक वाचक, प्रतापनगर)

येईल. जपानचं ऑनलाइन मार्केट बरंचसं फिलिपिन्सच्या शिक्षकांनी धरून ठेवलंय, त्यांचा रेट कमी, त्यामुळे सुरुवातीला हातात फार येणार नाही. काही साइटी बाकी देशांतले शिक्षकही घेतात, डेमो क्लास चांगला दिला पाहिजे. जपानी नाही आली तरी चालतं, मुलांना शिकवताना मात्र दोन-चार वाक्यं येत असली की पोरं लवकर खुलतात. शिकायचीच तर एन-फाइव्हपासून, म्हणजे जपानीच्या जेएलपीटी परीक्षेच्या सगळ्यात सोप्या पातळीपासून सुरू करा, परीक्षा जुलै आणि डिसेंबरमधे असते, आपल्या राज्यात पुणे आणि मुंबईला सेंटर आहे.

वेळेचं गणित तुमच्या बाजूने आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे त्यांचे रात्री आठ ते दहा आपले साडेचार ते साडेसहा, पोरं ट्युशनला गेली की लॅपटॉप उघडायचा. फक्त ऑफिसला जायच्या आधी सकाळी सहाला शिकणारेही तिकडे खूप आहेत, आणि तेव्हा इथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात, फिलिपिन्समधे पाच. ते स्लॉट त्यांनाच राहू द्या.