ब्लॅक्सप्लॉइटेशनला ‘शोषणपट’ म्हणावं का?

फ्रेड विल्यमसन या काळ्या अमेरिकन नटावर लेख लिहिताय आणि ब्लॅक्सप्लॉइटेशनला, म्हणजे १९७० च्या दशकात काळे हिरो घेऊन काळ्या प्रेक्षकांसाठी निघालेल्या अमेरिकन सिनेमांना, ‘कृष्णवर्णीय शोषणपट’ म्हटलं तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत, नको. शोषणपट म्हटलं की सावकार, वेठबिगार आणि दोन तास रडारड असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं, आणि हा बाबा तर तोंडात सिगार धरून येतो, सगळ्यांना बडवतो आणि ऐटीत निघून जातो.

गोची एक्सप्लॉइटेशन या शब्दात आहे. हॉलिवूडच्या धंद्यात त्याचा जुना अर्थ साधा जाहिरातबाजी असा होता, मग चटपटीत विषय उचलून पटकन पैसे काढणाऱ्या सिनेमांना ते नाव पडलं, म्हणजे आपला ‘गल्लाभरू’ की! पण १९७२ च्या सुमारास एनएएसीपी या काळ्या अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या ज्युनियस ग्रिफिननी त्याला ब्लॅक जोडून हा शब्द चालवला तेव्हा त्यांना टीकाच करायची होती, की आमची माणसं पडद्यावर दलाल आणि ड्रग्जवालेच का दिसतात. म्हणजे शोषण हा अर्थही आहेच, नाही असं नाही. विल्यमसनला मात्र हा शब्द कायम खटकला, त्याचं म्हणणं, काळ्या कलाकारांना काम मिळत होतं, पैसे मिळत होते, मग शोषण झालं कोणाचं? आणि ‘ब्लॅक सीझर’ (१९७३) वगैरे गाजल्यावर पठ्ठ्याने स्वतःची कंपनी काढून स्वतःच डायरेक्शन केलं, म्हणजे गल्लाही आपलाच. हिरो मरणार नाही, मारामारीत हरणार नाही आणि मनात आलं तर शेवटी हिरॉइन त्याचीच, असल्या अटी तो स्टुडिओला घालायचा म्हणे (आपल्याकडचे काही हिरो आठवले ना?).

तेव्हा शब्द आहे तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘काळ्या प्रेक्षकांसाठीचे गल्लाभरू सिनेमे’ असं म्हणून ग्रिफिनचा आक्षेप एका वाक्यात सांगा.

आणि हो, त्याच्या ‘द हॅमर’ या टोपणनावाचं हातोडा करू नका, हातोडीने खिळे ठोकतात. तो आधी अमेरिकन फुटबॉल खेळायचा आणि समोरच्याच्या डोक्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात असा आणून आदळायचा की बस, म्हणून ते नाव, १९७२ च्या सिनेमालाही तेच दिलं. मराठीत करायचंच तर ‘घण’. फक्त १९६७ च्या पहिल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या फुटबॉलच्या सर्वात मोठ्या सामन्यात, आधी भरपूर बढाया मारून, हा घणच बेशुद्ध पडला होता, तेही लिहा.