नसलेल्या गावाची रेल्वे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रेल्वेच्या लघुप्रतिकृतींविषयी मागे या सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी इंग्लंडमधील ग्रामीण रेल्वेसंबंधीची पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : निवृत्तीनंतर घरातील एका भिंतीलगत आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी बसवण्याची परवानगी मला घरच्यांकडून मिळाली आहे. तिच्यावर इंग्लंडमधील एखाद्या खेड्यात जाणारी छोटी रेल्वे करावी, असे फार दिवसांपासून मनात आहे. परंतु एखादे खरे स्थानक जसेच्या तसे उभे करण्याइतकी माहिती माझ्याजवळ नाही. गाव आणि मार्ग दोन्ही कल्पनेतील घेतले, तर ती लबाडी ठरेल काय? सुरुवात कोठून करावी? (डोंबिवली)

उत्तर : लबाडी मुळीच ठरणार नाही. एका फुटाला चार मिलिमीटर हे ब्रिटनमधील सर्वांत रूढ प्रमाण घेतले, तरी एक मैल म्हणजे सुमारे २१ मीटर होतात. त्यामुळे खऱ्या स्थानकाची प्रतिकृती करणारेसुद्धा अंतरे चेपूनचापूनच बसवतात. शिवाय काल्पनिक मार्गांची तिकडे जुनी आणि प्रतिष्ठेची परंपरा आहे. जॉन अहर्न या प्रतिकृतिकाराची ‘मॅडर व्हॅली रेल्वे’ पूर्णपणे मनातली असून ती आज ऑक्सफर्डशरमधील लाँग विटनहॅम येथील पेंडन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. रेव्हरंड पीटर डेनी यांनी तर बकिंगहॅम हे खरे गाव घेऊन, तेथे कधीही न गेलेल्या ग्रेट सेंट्रल या रेल्वे कंपनीचा फाटा नेला आणि पुढची कित्येक दशके तो वाढवत नेला.

मात्र काल्पनिक म्हणजे मनाला येईल तसे नव्हे. नवखा माणूस बहुधा आधी एक देखणे हिरवे इंजिन विकत घेतो, मग गवताने शाकारलेली दोन घरे, एक चर्च, एक तळे, एक पूल आणि एक बोगदा आणतो, आणि सगळे फळीवर मांडतो. त्याचे रुखवत होते. रेल्वे होत नाही. रेल्वेला कोणीतरी पैसे घातलेले असतात, ते कशाच्या तरी आशेने घातलेले असतात, आणि बहुतेक ग्रामीण फाट्यांच्या बाबतीत ती आशा पुरी झालेली नसते. हा मार्ग कोणी बांधला, कशासाठी बांधला, कोणते साल चालू आहे आणि गाडीतून काय जाते, या गोष्टी कागदावर उतरल्याखेरीज रुळाचा एक तुकडाही विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यासाठी मी एक मार्ग सुचवतो, कारण त्याची नाळ महाराष्ट्राशी जुळलेली आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभारली. आज आपण ज्याला कुर्डुवाडी म्हणतो, त्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंतचा हा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. एका आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवायचा, म्हणजे हलक्या रुळांवरूनही लांबलचक डबे आणि दमदार इंजिने चालवता येतात, हे त्याने तेथे दाखवून दिले. पुढे याच गृहस्थाने हेच तत्त्व आणि हेच गेज घेऊन इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे’ बांधली. वॉटरहाउसेस ते हल्म एंड असा आठ मैलांहून थोडा अधिक लांबीचा हा मार्ग १९०४ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंद पडला. त्याची दोन्ही इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात घडली आणि त्यांतील एकाला कॅल्थ्रॉपचेच नाव दिले होते. चुनखडीच्या दरीतून, गाईंच्या कुरणांना लागून धावणाऱ्या या इंजिनांच्या कपाळावर मोठाले दिवे होते. इंग्लंडमधील गाड्यांना असे दिवे सहसा नसत. ते सरळ वसाहतीतील रेल्वेच्या वळणाचे होते.

आता कल्पनेचे काम असे की, हल्म एंडला संपलेला मार्ग दरीतून आणखी पाच-सहा मैल वर गेला, असे धरायचे. शेवटच्या गावाचे नाव मात्र विचारपूर्वक ठेवावे. वाडी, खेड, बुद्रुक, खुर्द यांवरून आपल्याला जसा मुलखाचा अंदाज येतो, तसाच तिकडेही येतो : ‘कोंब’ने संपणारे नाव डेव्हनकडचे, ‘बी’ने संपणारे बहुधा यॉर्कशर-लिंकनशरकडचे, तर या डोंगराळ भागात ‘लो’, ‘डेल’, ‘टन’ हे शेवट शोभतात. साल १९२५ च्या आसपासचे घ्यावे. १९२३ मध्ये झालेल्या रेल्वे कंपन्यांच्या एकत्रीकरणात हा मार्ग लंडन मिडलंड अँड स्कॉटिश या मोठ्या कंपनीकडे गेला होता, बसगाड्यांची स्पर्धा जाणवू लागली होती, आणि दूध अजून रेल्वेनेच जात होते.

आठ फुटांपैकी एका टोकाचे दोन फूट पडद्यामागे ठेवावेत. नाटकात पात्र विंगेतून येते, तशी गाडी तेथून यावी आणि तेथेच परत जावी. विंग झाकण्यासाठी बोगदा करण्याचा मोह होतो आणि येथे त्याला आधारही आहे : मूळ मार्गावर स्वेन्सली येथे एक छोटा बोगदा आहे, आणि शेजारच्या हवेलीतून गाडी नजरेला पडू नये म्हणून तो करावा लागला, असे सांगतात. आपल्या फळीवरही हवेलीच्या बागेचा एखादा कोपरा दाखवला, तर बोगदा उपरा वाटणार नाही. उरलेल्या सहा फुटांत जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच फलाट (प्रमाणात तो दोन-तीन मिलिमीटरच भरेल), लाकडी तिकीटघर, इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेण्यासाठी लूप, एक सायडिंग, म्हणजे वॅगन उभ्या ठेवण्याचा बाजूचा रूळ, आणि दुधाची शेड एवढेच असावे. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तीन सांधे पुरतात. चौथा बसवावासा वाटला, तर आठवडाभर थांबावे.

प्रश्न : दुकानदार ओओ, एचओ आणि ओओ-९ अशी तीन मापे सांगतो. रूळ सारखेच दिसतात. नेमके काय घ्यावे? (कोल्हापूर)

उत्तर : ओओ आणि एचओ यांचे रूळ सारखे दिसतात, कारण दोन्ही मापांत रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटरच आहे. फरक वर धावणाऱ्या गाडीत आहे. एचओ म्हणजे १:८७, तर ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६. ब्रिटनची इंजिने मुळातच अंगाने लहान असल्यामुळे एचओ प्रमाणात त्यांच्यात त्या काळची मोटर मावत नव्हती. तेव्हा इंजिन मोठे केले आणि रूळ तेवढेच ठेवले. त्यामुळे ओओचा रूळ खऱ्या चार फूट साडेआठ इंचांऐवजी चार फूट दीड इंचाचा भरतो. ही विसंगती तिकडचे लोक शंभर वर्षांच्या सवयीने चालवून घेतात, आपणही घ्यावी. दोन प्रमाणे मात्र एकाच फळीवर मिसळू नयेत; एचओची माणसे ओओच्या दारात उभी केली की दार वाड्याच्या महाद्वाराएवढे दिसू लागते.

ओओ-९ म्हणजे १:७६ हेच प्रमाण, पण नऊ मिलिमीटर रुळांवर, म्हणजेच नॅरोगेज. अडीच फूट या प्रमाणात बरोबर १० मिलिमीटर होतात, त्यामुळे वर सुचवलेल्या मार्गासाठी एक मिलिमीटर कमी पडेल. तो पडू द्यावा. नऊ मिलिमीटरचे रूळ, सांधे आणि एन या आणखी लहान मापाच्या इंजिनांचे चालते सांगाडे तयार मिळतात. अशा सांगाड्यावर प्लॅस्टिक शीटची बॉडी चढवणे हे रूळ हाताने घडवण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

प्रश्न : डोंगर, गवत आणि भिंती यांसाठी परदेशी सामान परवडत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या वस्तूंतून इंग्लंड उभे राहील काय? पावसाळ्यात हे सारे टिकेल काय? (रत्नागिरी)

उत्तर : उभे राहील, फक्त कोकणातला हिरवा रंग डोळ्यांसमोरून काढून टाकावा लागेल. मखराच्या दुकानात मिळणारी हिरवीगार चटई ही श्रावणातल्या रत्नागिरीची आहे. स्टॅफर्डशरच्या कुरणाचा हिरवा त्याहून मळकट आणि किंचित राखाडी असतो. बारीक चाळलेला लाकडाचा भुसा घेऊन हिरव्यात थोडा पिवळा आणि चिमूटभर काळा रंग मिसळून तीन-चार वेगवेगळ्या छटांत रंगवावा, आणि पातळ केलेल्या फेविकॉलवर तो चहाच्या गाळणीतून भुरभुरावा. डोंगरासाठी थर्मोकोलचे तुकडे आणि वर पी.ओ.पी.त बुडवलेली जुनी मलमल पुरते.

त्या भागात शेतांना झुडपांचे कुंपण कमी आणि चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेल्या पांढुरक्या भिंती जास्त असतात. त्या अशा कराव्यात : डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणात पी.ओ.पी.चा दोन मिलिमीटर जाडीचा थर ओतावा. तो पुरता कठीण होण्याआधी बोटांनी मोडून हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करावेत. ते फेविकॉलवर एकावर एक रचत १६ ते २० मिलिमीटर, म्हणजे खऱ्या चार-पाच फुटांएवढी, उंची गाठावी आणि सर्वांत वर तुकडे उभे लावावेत. शेवटी काळ्या जलरंगाचे अगदी पातळ पाणी फिरवले की ते फटींत उतरते आणि भिंत आपोआप जुनी दिसते. एका संध्याकाळी वीतभर भिंत होते, त्याहून अधिक नाही.

पावसाळ्याचे म्हणाल, तर माझ्या पहिल्या फळीवर मी मातीच्या रंगासाठी चहाचा चोथा वाळवून पसरला होता. तो पुरेसा वाळलेला नव्हता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सबंध कुरणावर पांढरी बुरशी चढली आणि पाहुण्यांना तो बर्फ वाटला. त्याच महिन्यात साध्या प्लायची ती फळी मधोमध तीन मिलिमीटर उचलली गेली आणि गाडी नेमकी फलाटासमोर घसरू लागली. तेव्हापासून मी १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतो, खालून दर फुटाला आडवी पट्टी देतो, दोन्ही बाजूंना आणि कडांना रंगाचा हात मारतो, आणि चोथा तव्यावर परतल्याशिवाय वापरत नाही. रत्नागिरीत फळी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. मध्ये चार बोटे जागा सोडावी.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. माझी छोटी रेल्वे तयार झाली, पण गाडी एकदा आली आणि गेली की दहा मिनिटांत कंटाळा येतो. काय चुकले? (सातारा)

उत्तर : बहुधा वेग चुकला. ताशी १५ मैल हा लहान मार्गाला साजेसा वेग धरला, तर १:७६ प्रमाणात गाडीने सेकंदाला नऊ सेंटिमीटरही जाऊ नये. म्हणजे आठ फुटांची फळी ओलांडायला तिला जवळजवळ अर्धा मिनिट लागले पाहिजे. हातात घड्याळ धरून एकदा हे करून पाहा, तुमची गाडी आजवर पंजाब मेलसारखी धावत होती असे आढळेल.

दुसरे म्हणजे गाडीला काम द्यावे. प्रत्येक वॅगनसाठी एक चिठ्ठी करावी : कोळसा आला, दूध गेले, गुरांचे खाद्य आले. रोज चार चिठ्ठ्या न पाहता उचलाव्यात आणि त्याप्रमाणे शंटिंग करावे, म्हणजे वॅगन पुढेमागे करून जागेवर लावाव्यात. मॅनिफोल्ड मार्गावर तर याहून गमतीची सोय होती. ब्रॉडगेज... नव्हे, तिकडच्या स्टँडर्ड गेजची, म्हणजे नेहमीच्या चार फूट साडेआठ इंची रुळांवरची, अख्खी वॅगन नॅरोगेजच्या एका बुटक्या वाहक-गाडीवर चढवून दरीत आणत, आणि ती उतरवून ठेवण्यासाठी स्थानकाच्या सायडिंगला स्टँडर्ड गेजचा एक आखूड तुकडा टाकलेला असे. चहूबाजूंनी नॅरोगेज असताना मध्येच दोन वॅगनपुरता मोठा रूळ, जो कोठूनही येत नाही आणि कोठेही जात नाही! ओओच्या साध्या वॅगन स्वस्त मिळतात, त्यामुळे हा प्रकार तुम्हालाही करता येईल. वॅगन वाहक-गाडीवरून न घसरता उतरवणे हेच संध्याकाळभर पुरते.

प्रश्न : लहानपणी आषाढीला आम्ही बार्शी लाइटच्या गाडीने पंढरपूरला जात असू. इंग्लंडच्या एखाद्या काल्पनिक मार्गावर बार्शीचे इंजिन दाखवले, तर जाणकार हसतील काय? (सोलापूर)

उत्तर : काही हसतील, पण त्यांना उत्तर देता येईल. बार्शी आणि मॅनिफोल्ड या दोन्ही मार्गांचे गेज एकच आणि बार्शीची आरंभीची इंजिनेही किटसननेच लीड्समध्ये घडवलेली. बार्शीसाठी तयार झालेल्या गाड्यांची चाचणी तर बोटीवर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर झाली होती. तेव्हा दुरुस्तीसाठी किंवा चाचणीसाठी म्हणून बार्शीचे एक इंजिन काही आठवडे दरीत येऊन राहिले, अशी कथा रचण्यात इतिहासाशी फार मोठी झटापट करावी लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. ते इंजिन आठ मोठ्या जोडचाकांचे, त्यामुळे ओओ-९ च्या तीव्र वळणांवर अडखळते. वळणाची त्रिज्या निदान १५ इंच ठेवावी आणि मधल्या दोन जोड्यांच्या चाकांची रुळाच्या आत उतरणारी कड कानसीने काढून टाकावी. रंग काळा द्यावा, फार चकचकीत नको. आणि ते शेडच्या बाहेर, मॅनिफोल्डच्या इंजिनाशेजारी, दोघांचे दिवे एकाच दिशेला येतील असे उभे करावे.