वाचकांचे प्रश्न : कवटीच्या तळाची गाठ

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाचा (वय 46) आवाज वर्षभरापासून घोगरा झाला आहे, जेवण मात्र व्यवस्थित जातं. एमआरआयमध्ये जुग्युलर फोरॅमेनपाशी 3 सेंटिमीटरची श्वानोमाची गाठ निघाली. ऑपरेशनला आम्ही तयार आहोत, पण गाठ मुळासकट काढूच असं डॉक्टर म्हणत नाहीत. डॉक्टर बदलावा का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : दुसरं मत जरूर घ्या, पण या कारणासाठी डॉक्टर बदलू नका. जुग्युलर फोरॅमेन म्हणजे कवटीच्या तळाचं एक छिद्र. मेंदूतलं रक्त मानेत उतरवणारी मोठी शीर आणि 9, 10, 11 क्रमांकाच्या नसा त्यातून जातात. घशाची संवेदना, आवाज, गिळणं आणि खांदा उचलणं या नसांवर अवलंबून असतं. श्वानोमा नसेच्या वेष्टनातून उगवतो, बहुधा कॅन्सरचा नसतो आणि सावकाश वाढतो.

भावाचं गिळणं अजून शाबूत आहे आणि खरी काळजी त्याचीच आहे. नस हळूहळू कमजोर झाली तर दुसरी बाजू काम उचलायला शिकते. चालती नस ऑपरेशनमध्ये एकाएकी बंद पडली तर तेवढा वेळ मिळत नाही; थुंकी, पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून नसांना किंवा मेंदूच्या देठाला घट्ट चिकटलेला पातळ थर जाणून-बुजून सोडणं हा आमच्या मते शहाणपणाचा निर्णय आहे. पुढे तो वाढलाच, तर गॅमा नाइफसारख्या उपचारात एकाच बैठकीत, गाठीच्या कडेला साधारण 12-13 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), किरण देता येतात.

ऑपरेशनआधी बारीक कापांचा सीटी स्कॅन हवा. छिद्र गुळगुळीत रुंदावलं असेल तर श्वानोमाची शक्यता बळावते. कडा वाळवी लागल्यासारख्या दिसल्या आणि एमआरआयमध्ये रक्तवाहिन्यांचे काळे ठिपके असले तर ग्लोमस गाठीचा विचार करावा लागतो. ती भरपूर रक्त सांडते आणि तिच्या रक्तवाहिन्या बहुधा आधी बंद कराव्या लागतात. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू आणि गिळणं तपासून लेखी नोंद घ्या. आपल्या विदर्भात सिकल सेलची तपासणीही विसरू नये. एसएस (म्हणजे सिकल सेलचा पूर्ण आजार, नुसता वाहक नाही) असेल तर रक्ताची तयारी, पाणी, ऑक्सिजन आणि शरीराची ऊब हे सगळं आधी ठरवावं लागतं. भाऊ खर्रा खात असेल आणि तोंड कमी उघडत असेल तर भूलतज्ज्ञाला आजच सांगा, कारण भूल देताना श्वासाची नळी घालण्याची पद्धतच बदलते.

गाठ मुख्यतः कवटीच्या आत असेल तर बहुधा कानामागून हाड उघडतात. मानेत उतरली असेल तर मानही उघडावी लागते. स्वरतंतूंजवळ इलेक्ट्रोड असलेली श्वासाची नळी, खांद्याच्या स्नायूत आणि जिभेत सुया लावून नसांवर लक्ष ठेवतात. त्यामुळे स्नायू ढिले ठेवणारं औषध सुरुवातीनंतर टाळावं लागतं. गाठीच्या आवरणावर सूक्ष्म विद्युत झटका देऊन नस नसलेली जागा शोधतात, तिथून आत शिरून अल्ट्रासॉनिक यंत्राने गाठ पोकळ करतात आणि मगच आवरण सोडवतात. आधीच आवरण ओढलं तर नस ताणली जाते. बहुतेक नुकसान तिथेच होतं.

नंतर गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडातून घोटभर चहाही देऊ नका. काही रुग्णांना नाकातून अन्नाची नळी काही आठवडे लागते, काहींना गळ्यात श्वासाचं छिद्र. वर्षभराचा घोगरा आवाज आपोआप सुधारण्याची आशा कमी. स्वरतंतूला इंजेक्शन किंवा छोटं ऑपरेशन करून तो बराच सुधारता येतो. डॉक्टरांना विचारायचंच तर हे विचारा : अशा किती गाठी काढल्यात, आणि त्यांतल्या किती जणांना नंतर नळीने जेवावं लागलं?

प्रश्न : आईचा डावा गाल बधिर आहे. ट्रायजेमिनल नसेवर (चेहऱ्याची संवेदना नेणारी नस) 1.8 सेंटिमीटरची गाठ आहे. तीन वर्षांपूर्वी तिचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. थेट गॅमा नाइफ करावं का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : आत्ताच नको. तोंडाचा कॅन्सर नसेच्या कडेने कवटीत शिरू शकतो आणि तो श्वानोमासारखा दिसू शकतो. जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट, त्यातली नसेभोवतीच्या फैलावाची नोंद, जुना-नवा एमआरआय हे सगळं न्यूरोसर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञांनी एकत्र बसून बघायला हवं. गरज पडल्यास तुकडा तपासावा. श्वानोमाच ठरला तर या आकारात गॅमा नाइफ योग्य पर्याय आहे. गाठ लगेच आटत नाही, उलट पहिल्या वर्ष-दीड वर्षात तात्पुरती फुगू शकते. तेवढ्यावरून उपचार फसला असं समजू नका.

डोळ्याचं बुबुळ बधिर झालंय का ते तपासून घ्या. तसं असेल तर उन्हाळ्यात कूलरचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नका, दिवसा थेंब आणि रात्री जेल घाला. डोळा लाल झाला तर दुखत नसला तरी त्याच दिवशी दाखवा. बधिर डोळ्यात जखम झाली तरी कळत नाही.

प्रश्न : कानामागून ऑपरेशन झालं. नवव्या दिवसापासून वाकलं की नाकातून खारट पाणी येतं. सर्दी असेल का?
— एक वाचक, गोंदिया

उत्तर : सर्दी समजून घरी थांबू नका. कानामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्या नीट बंद झाल्या नसतील तर मेंदूभोवतीचं पाणी मधल्या कानातून नाकात उतरतं. आजच ऑपरेशन केलेल्या विभागात जा. नाक शिंकरू नका, कापूस कोंबू नका, डोकं उंच ठेवा, दुकानातून अँटिबायोटिक घेऊ नका. जमलं तर ते पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन जा, त्यावर बीटा-2 ट्रान्सफेरिनची (मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडणारं प्रथिन) तपासणी होते. बऱ्याचदा पाठीतून काही दिवस नळी ठेवून गळती थांबते, नाहीतर जागा पुन्हा उघडून बंद करावी लागते. ताप आला, मान आखडली किंवा गुंगी आली तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघा.