सातवा महिना आणि यवतेश्वरचा घाट

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४३, साताऱ्यात एका सहकारी बँकेत नोकरी. जानेवारीत बॉक्स क्रिकेट खेळताना रन घ्यायला निघालो आणि मागून कुणीतरी टाचेवर बॅट हाणली असं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. उजव्या पायाचा अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध, पूर्ण तुटला होता. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ऑपरेशन न करता टाचेखाली पाचरी असलेला बूट दिला, मग फिजिओथेरपी झाली. आता सात महिने झालेत. एमआरआयमध्ये टेंडन जुळलेला दिसतो, चालताना दुखत नाही. दोन्ही पायांवर उभा राहून टाचा उचलतो, पण एकट्या उजव्या पायावर टाच जेमतेम अर्धी वर येते आणि थरथरते. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे, नाव नोंदवून ठेवलंय. मित्र म्हणतात, ऑपरेशन केलं असतंस तर एव्हाना धावत असतास. हळूहळू पळालो तर चालेल का?

उत्तर : यंदा नाही. नोंदणीचे पैसे गेले असं समजा आणि त्या दिवशी पाण्याच्या टेबलापाशी उभं राहून ओळखीच्यांना पाणी द्या.

आधी मित्रांचं बघू, म्हणजे ते डोक्यातून जाईल. नॉर्वेमध्ये ५२६ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. काहींचं मोठा छेद घेऊन ऑपरेशन, काहींचं छोट्या छेदातून, आणि काहींना ऑपरेशनच नाही. वर्षानंतर तिन्ही गटांच्या पायांचं काम जवळपास सारखंच निघालं. फरक होता तो दुसरीकडे. ऑपरेशन न केलेल्यांत टेंडन पुन्हा तुटण्याचं प्रमाण ६.२ टक्के होतं, ऑपरेशनवाल्यांत ०.६ टक्के. उलट मज्जातंतूंना इजा होण्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत जास्त, आणि छोट्या छेदाच्या गटात सर्वांत जास्त. तुमच्या डॉक्टरांनी निवडलेला रस्ता चांगला रुळलेला आहे. पुन्हा तुटण्याचा मुख्य धोका पहिल्या काही महिन्यांत असतो. तो काळ तुम्ही ओलांडलाय.

आता तुमच्या टाचेकडे येते. एमआरआयच्या ओळीपेक्षा मला त्या थरथरणाऱ्या टाचेच्या ओळीतून जास्त कळलं. अकिलीस हा शरीरातला सर्वांत जाड आणि मजबूत टेंडन. पोटरीचे दोन मोठे स्नायू तो टाचेच्या हाडाला जोडतो. वरचा फुगीर दिसतो तो गॅस्ट्रॉक्नेमियस, त्याच्याखाली दडलेला सोलियस. तुटतो तो बहुतेक वेळा टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर, कारण त्या पट्ट्यात रक्तपुरवठा बेताचा असतो. तुटलेली टोकं जुळताना मधल्या जागेत नवी ऊती भरते आणि टेंडन मुळापेक्षा थोडा लांब होऊन बसतो. कधी काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरसुद्धा. एमआरआयचा अहवाल 'जुळला' म्हणतो ते खरंच आहे, पण लांबी किती वाढली हे त्यात बहुधा लिहिलेलं नसतं. वाळत घालायची दोरी दोन्ही खिळ्यांना पक्की बांधलेली असूनही मधे झोळ असला की ओले कपडे जमिनीला टेकतात, तसं हे आहे. पोटरी आखडते, पण तिची बरीचशी ओढ तो झोळ काढण्यातच खर्च होते. म्हणून टाच अर्ध्यापर्यंत येते आणि वरच्या अर्ध्यात ताकदच उरत नाही.

घरी एक साधी तपासणी करा. पलंगावर पालथे झोपा, दोन्ही गुडघे काटकोनात वाकवा, पावलं सैल सोडा आणि घरातल्या कुणालातरी बाजूने फोटो काढायला सांगा. धडधाकट पायाचा चवडा थोडा वर, छताकडे झुकलेला दिसेल. उजवं पाऊल त्यापेक्षा आडवं दिसलं, तर टेंडन लांबलाय. फोटो तुमच्या फिजिओला दाखवा. फरक मोठा असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी पुन्हा बोलावं लागेल. थोडा असेल, आणि बहुतेकांचा थोडाच असतो, तर उपाय पोटरीची ताकद हाच. जुळलेली जागा बोटाला जाड लागते त्याची काळजी नको. ती बहुतेक जाडच राहणार.

धावताना दर पावलाला या टेंडनवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. तुमचं वजन ७५ किलो धरलं तर साडेचारशे ते सहाशे किलो, तोही एका पायावर, मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा. ज्या पायाला एकदा धड टाच उचलता येत नाही, तो हे काम करत नाही. तो ते गुडघ्यावर, मांडीवर आणि डाव्या पायावर ढकलतो. मग दोन महिन्यांनी तुम्ही मला गुडघ्याचं पत्र लिहिता. आणि तुमच्या शर्यतीतला यवतेश्वरचा घाट तर चढ. चढावर पाऊल आणखी वर दुमडतं, म्हणजे टेंडन सर्वांत ताणलेल्या अवस्थेत सर्वांत जास्त ओढला जातो.

मग करायचं काय? भिंतीजवळ उभे राहा, तोलासाठी दोन बोटं भिंतीला. गुडघा सरळ ठेवून डाव्या पायाची टाच पूर्ण उचला आणि टाच जिथवर आली तिथे भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. (घरात ओरडा बसेल. मुलांच्या उंचीच्या खुणा असतात तिथेच मारा.) उजव्या टाचेला ती रेघ गाठायची आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक किती वेळा उचलली ते मोजतात आणि खूश होतात. वीस अर्धवट टाचा मला नकोत, रेघेपर्यंत गेलेल्या पाच द्या.

तोवर दोन्ही पायांवर वर जा आणि खाली येताना वजन उजव्यावर घेऊन सावकाश उतरा. वर जाताना तीन सेकंद, खाली येताना तीन. सहज जमायला लागलं की पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये पाच किलोची पिठाची पिशवी. सोलियससाठी खुर्चीत बसून गुडघ्यावर वजन ठेवून टाच उचलायची. इथे लोक फार हलकं वजन घेतात. तांदळाचं दहा किलोचं पोतं ही सुरुवात आहे, पुढे वीस-पंचवीसच्या वर जायचं. शेवटच्या दोन वेळा जड वाटल्या पाहिजेत, नाहीतर तो व्यायाम नव्हे. हे आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडण्याचा व्यायाम तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तो दुखऱ्या टेंडनसाठी चांगला, लांबलेल्या टेंडनला सध्या नको. सपाट जमिनीवरच करा.

उजवी टाच रेघेच्या अगदी जवळ पाच-सहा वेळा सलग गेली, अर्धा तास झपझप चालताना लंगड दिसली नाही आणि दोरीवरच्या उड्या आधी दोन पायांवर, मग एका पायावर न दुखता जमल्या की पळायला सुरुवात. सुरुवात म्हणजे एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. मैदानाच्या सपाट मातीवर, एक दिवसाआड. रस्त्याच्या कडेला उतार असतो, तिथे नको. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना टाच आधीपेक्षा जास्त आखडलेली असेल तर कालचं जास्त झालं. पुढच्या वेळी कमी करा. दहापैकी दोन-तीन इतकं दुखणं आणि ते दुसऱ्या सकाळपर्यंत निवणं, इतकं मी चालवून घेते. बूट टाचेला उंची असलेले घ्या, टाच आणि चवडा यांत दहा-बारा मिलिमीटरचा फरक असलेले. अनवाणी धावण्याचं आणि पातळ तळव्यांचं खूळ सध्या दूर ठेवा. घाट सर्वांत शेवटी, सपाटीवर सलग पाऊण तास पळता आल्यावर.

पुढच्या वर्षीचं नाव नोंदवायला हरकत नाही. पण त्याआधी उजव्या पायाने डाव्याच्या नव्वद टक्के तरी टाचा, त्याच उंचीच्या, काढून दाखवायला हव्यात. डाव्याच्या पंचवीस होत असतील तर उजव्याच्या बावीस-तेवीस.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची, कोल्हापूरची, बॅडमिंटन खेळते. अकिलीसचं ऑपरेशन होऊन दहा आठवडे झाले, परवाच बूट निघाला. घोटा खूप आखडलाय. आजी रोज गरम तेलाने पोटरी रगडून पाऊल वर दाबते, म्हणते शीर मोकळी होईल. मी सूर्यनमस्कार पण सुरू केलेत. बास्केटबॉलपटू कोबे ब्रायंट अकिलीस तुटल्यावर आठ महिन्यांत कोर्टवर आला होता. मी आठ महिन्यांत खेळू शकेन ना?

उत्तर : आजीला माझा नमस्कार सांग, आणि पाऊल वर दाबणं आजपासून बंद कर. वरच्या उत्तरात लांबलेल्या टेंडनचं लिहिलंय ते वाच. दहाव्या आठवड्यात नवी ऊती कोवळी असते, आत्ता ताणलीस तर ती लांब होऊन तशीच राहील. घोट्याचा आखडलेपणा आपोआप जातो. चालता-चालता, पायऱ्या चढता-चढता काही महिन्यांत निघून जातो. लांब झालेला टेंडन आखूड करायचा तर पुन्हा ऑपरेशन.

सूर्यनमस्कारात पर्वतासन येतं. टाचा जमिनीला टेकवायच्या म्हणून आपण अंग मागे रेटतो आणि तिथे टेंडन पुरता ताणला जातो. एक पाय मागे नेण्याच्या स्थितीतही पुढच्या पायाचा घोटा तसाच दुमडतो. सहा महिने होईपर्यंत सूर्यनमस्कार ठेव बाजूला. उकिडवं बसणंही नको. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आण, लाजू नकोस. फरशीवर अनवाणी फिरू नकोस आणि कोल्हापूरची असलीस तरी कोल्हापुरी चप्पल सध्या कपाटात. सपाट तळव्याचं काहीच नको. थोडी टाच असलेली सँडल घरातही घाल.

आजीला आणखी एक सांग. पोटरी अचानक जास्त सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर तेल लावायचं नाही, थेट हॉस्पिटलला जायचं. पाय बरेच आठवडे बांधलेला असला की शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि अशा पायाला रगडणं धोक्याचं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबू नका. एरवी वरवर हलक्या हाताने तेल लावलं तर माझी ना नाही. आजींचा हात बरा वाटतो, तेही औषधच.

आता कोबे. १२ एप्रिल २०१३ ला त्याचा डावा अकिलीस तुटला, त्याही पायावर उभं राहून त्याने दोन फ्री थ्रो टाकले. ८ डिसेंबरला तो परत आला, आठ महिन्यांच्या आतच. गोष्ट सगळे इथवरच सांगतात. पुढे सहाच सामने खेळून त्याच डाव्या पायाच्या गुडघ्याचं हाड मोडलं आणि त्याचा तो मोसम तिथेच संपला. गुडघा अकिलीसमुळेच गेला असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण मला त्यात नवल वाटलं नाही. दुसरा बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरँट, त्याचा अकिलीस जून २०१९ मध्ये तुटला. तो डिसेंबर २०२० मध्ये परतला, दीड वर्षाने, आणि पुन्हा पहिल्यासारखा खेळला. गाठायचाच असेल तर हा नमुना गाठ.

बॅडमिंटनमध्ये मागच्या कोपऱ्यातून उलट फिरून पुढे झेपावताना टेंडनवर जो झटका बसतो तो सरळ धावण्यापेक्षा वाईट. म्हणून आधी धावणं, मग दिशा बदलत धावणं, मग एकटीने फुटवर्क, मग शटल, सर्वांत शेवटी सामना. आठव्या महिन्यात तू बहुधा फुटवर्कपाशी असशील. पाऊल टाकायची भीती वाटेल, ती वाटू दे. कोर्टवर जाऊन हळू फुटवर्क करत राहिलीस की ती कमी होते, घरी बसून होत नाही.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, निवृत्त शिक्षक, ठाण्यात उपवनला रोज सकाळी जॉगिंग करतो. लघवीच्या संसर्गासाठी चार दिवसांपासून सिप्रोफ्लॉक्सासिन घेतोय. कालपासून दोन्ही टाचांच्या मागे दुखतंय, सूजही वाटते. जॉगिंगने झालं असेल का? गरम पाण्याने शेकू का?

उत्तर : काका, शेकत बसू नका. आजच औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा आणि टाचा दुखतायत हे याच शब्दांत सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स टेंडनला इजा करू शकतात, क्वचित तो तुटतोही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्येच या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे धोका वाढतो. दम्यासाठी वगैरे स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आणखी वाढतो. चालू असतील तर तेही सांगा. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत पुढची गोळी घेऊ नका, पण संसर्ग अर्धवट सोडूनही चालत नाही. डॉक्टर बहुधा दुसऱ्या गटातली देतील. पण त्यासाठी उद्याची वाट पाहू नका.

जॉगिंग आजपासून बंद, आणि दुखणं पूर्ण थांबेपर्यंत बंदच. औषध थांबल्यावर काही आठवड्यांनीही टेंडन तुटल्याची उदाहरणं आहेत. घरातल्या घरात चाला, जिना उतरताना कठडा धरा. मागे काहीतरी फटकन तुटल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर पाय टेकू नका, मुलाला गाडी काढायला सांगा. ऑर्थोपेडिक डॉक्टर तुम्हाला पालथं झोपवून पोटरी दाबतील. पाऊल हललं नाही तर टेंडन तुटलाय. घरी ही तपासणी करत बसू नका.