तैवानी आणि चिनी स्थलांतरित : उत्पन्नातला फरक कोठून आला?

प्रश्न : अमेरिकेत स्थायिक झालेल्या तैवानी कुटुंबांचे उत्पन्न तेथील चिनी कुटुंबांपेक्षा बरेच जास्त असते, असे वाचनात आले. दोन्ही समाजांची भाषा, सणवार आणि मुलांच्या शिक्षणाविषयीची ओढ यांत पुष्कळ साम्य असताना हा फरक का पडावा? तैवानी लोक अधिक कष्टाळू किंवा अधिक हिशेबी आहेत, असा त्याचा अर्थ घ्यावा काय?

उत्तर : आपण वाचलेली माहिती बरोबर आहे, परंतु प्रश्नाच्या शेवटी आपण ज्या निष्कर्षाकडे बोट दाखवता, तो मला मान्य नाही. २०१९च्या सुमारास अमेरिकेतील चिनी कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न, म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली असतात ते उत्पन्न, ८० हजार डॉलरच्या थोडे वर होते, आणि तैवानी कुटुंबांचे १ लाख डॉलरच्या आसपास होते. त्याच काळात सर्व अमेरिकी कुटुंबांचे मध्यक उत्पन्न सुमारे ६६ हजार डॉलर होते, म्हणजे दोन्ही समाज देशाच्या पातळीहून वरच आहेत. मात्र कोणते लोक, कोणत्या वर्षी आणि कोणत्या कायद्याखाली अमेरिकेत पोहोचले, हे एकदा तपासले की या फरकाचा बहुतेक भाग उलगडतो, आणि मग स्वभावधर्माकडे वळण्याची गरज फारशी उरत नाही.

अमेरिकेने १८८२मध्ये कायदा करून चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. ती बंदी १९४३मध्ये उठली, तरी चिनी वंशाच्या लोकांसाठी वर्षाला अवघे १०५ व्हिसा ठेवण्यात आले. खरा बदल १९६५च्या कायद्याने झाला. पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशाला वर्षाला २० हजारांपर्यंत व्हिसा मिळू लागले आणि त्यांत नातेवाइकांबरोबरच उच्चशिक्षित व्यावसायिकांनाही प्राधान्य मिळाले. त्या वेळी साम्यवादी चीनशी अमेरिकेचे राजनैतिक संबंध नव्हते आणि चीनमधील सामान्य नागरिकाला देशाबाहेर पडणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे चीनच्या नावावरचा कोटा पुढची दीड दशके मुख्यतः तैवान आणि हाँगकाँग येथे राहणाऱ्यांच्याच उपयोगी पडला.

तैवानमधून निघणारे हे लोक कोण होते, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. बेटावर विद्यापीठे चांगली होती, परंतु अभियंते आणि वैज्ञानिक यांना सामावून घेणारे उद्योग अजून उभे राहिले नव्हते, आणि १९४९पासून १९८७पर्यंत तेथे लष्करी कायदा लागू होता. राष्ट्रीय तैवान विद्यापीठात प्रवेश मिळवावा आणि तेथून पुढे अमेरिकेला जावे, अशा अर्थाची एक म्हणच विद्यार्थ्यांच्या तोंडी होती. पदवी घ्यायची, सक्तीची लष्करी सेवा पुरी करायची, अमेरिकी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवायची, पुढे नोकरी आणि ग्रीन कार्ड, हा त्या पिढीचा ठरलेला मार्ग होता. म्हणजे अमेरिकेत पोहोचण्यापूर्वीच हा समाज कठीण परीक्षांतून गाळून निघालेला होता. मागे राहिलेले शेतकरी, कोळी आणि गिरणीकामगार अमेरिकेच्या आकडेवारीत कधी आलेच नाहीत.

दुसरी लाट भांडवलाची होती. ऑक्टोबर १९७१मध्ये संयुक्त राष्ट्रांतील चीनची जागा, जी तोवर तैवानमधील सरकारकडे होती, ती बीजिंगकडे गेली आणि १ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेने बीजिंग सरकारला मान्यता दिली. या दोन धक्क्यांनंतर तैवानमधील अनेक सुखवस्तू घराण्यांनी आपली बचत आणि मुलेबाळे परदेशी हलवण्यास सुरुवात केली. लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील मॉन्टेरे पार्क हे उपनगर याच काळात ‘लिटल तैपेई’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जुन्या चायनाटाउनमधील भाड्याच्या खोल्यांत राहून वर येण्याची पायरी या लोकांना चढावीच लागली नाही. ते थेट उपनगरातील स्वतःच्या घरांत उतरले आणि त्यांच्यामागून बँका, जमीनजुमल्याचे दलाल, दवाखाने आणि किराणा दुकाने आली. आज अनेक राज्यांत पसरलेली ‘नाइन्टी नाइन रँच’ ही दुकानांची साखळी तैवानमधून आलेल्या रॉजर चेन यांनी १९८४मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातच सुरू केली. अशा दुकानांत आणि उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांत राबणारे हात मात्र पुष्कळदा नंतर आलेल्या मुख्यभूमीवरील (म्हणजे तैवान वगळून खुद्द चीनमधील) चिन्यांचे किंवा लॅटिन अमेरिकेतील स्थलांतरितांचे असत. उत्पन्नाचा हा फरक त्या भागात एकाच छताखाली दिसत असे.

यानंतरची तरतूद क्वचितच चर्चेत येते, पण माझ्या मते तीच निर्णायक आहे. १९८१च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने तैवानला चीनपासून वेगळा, पूर्ण २० हजारांचा कोटा दिला. तैवानची लोकसंख्या तेव्हा सुमारे १.८ कोटी होती आणि चीनची १०० कोटी. व्हिसांची कमाल संख्या मात्र दोघांना सारखीच. तैवानमधील पदवीधराला त्यामुळे जी सहज संधी मिळाली, ती मुख्यभूमीवरील त्याच्याइतक्याच हुशार पदवीधराला मिळणे शक्यच नव्हते.

आता चिनी समाजाकडे वळू. त्याची एकच सरासरी काढणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या एका नावाखाली अगदी वेगवेगळी आयुष्ये जगणारे लोक एकत्र मोजले जातात. ग्वांगडोंग प्रांतातील तायशान भागातून एकोणिसाव्या शतकात आलेल्या मजुरांचे वंशज त्यात आहेत आणि १९६५नंतर त्यांनी नातेवाईक म्हणून बोलावून घेतलेली कुटुंबेही आहेत. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधील शिवणकामाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रिया बहुतांशी याच कुटुंबांतील होत्या, आणि १९८२मध्ये त्यांच्यापैकी सुमारे २० हजार जणींनी संप करून आपला करार मान्य करून घेतला होता. डिसेंबर १९७८मध्ये ५२ जणांच्या पहिल्या तुकडीपासून सुरू झालेला विद्यार्थ्यांचा आणि संशोधकांचा ओघ हाही याच समाजाचा भाग आहे. १९८९च्या तिआनानमेन हत्याकांडानंतर १९९२मध्ये झालेल्या कायद्यामुळे त्यांच्यापैकी सुमारे ५४ हजार लोकांना ग्रीन कार्ड मिळाले. हा गट शिक्षणात आणि पगारात तैवानी अभियंत्यांच्या जवळ जातो.

आणि मग फुजियान प्रांतातील फुझौच्या आसपासच्या खेड्यांतून आलेले लोक. ६ जून १९९३ रोजी ‘गोल्डन व्हेंचर’ नावाचे जहाज न्यूयॉर्क शहरातील रॉकअवेच्या किनाऱ्याला लागून रुतले, तेव्हा त्यात २८६ स्थलांतरित होते आणि किनारा गाठण्याच्या धडपडीत त्यांच्यापैकी १० जण मरण पावले. या प्रवासासाठी तस्करांना माणशी सुमारे ३० हजार डॉलर द्यावे लागत, आणि पुढील काळात ही रक्कम दुपटीहून अधिक झाली. थोडी रक्कम आधी द्यायची आणि उरलेली नातेवाइकांकडून किंवा गावातील सावकारांकडून उचलायची, अशी पद्धत होती. मॅनहॅटनमधील ईस्ट ब्रॉडवेवरच्या रोजगार दलालांकडून काम मिळवायचे, बसने दूरच्या एखाद्या लहान गावातील चिनी उपाहारगृहात जायचे, मालकाने दिलेल्या खोलीत इतरांबरोबर झोपायचे आणि आठवड्याचे सहा दिवस दहा-बारा तास राबून कर्ज फेडायचे, यात त्यांच्या उमेदीची कितीतरी वर्षे गेली. अनेक जोडप्यांनी आपली तान्ही मुले आजी-आजोबांकडे चीनला पाठवली, कारण कारखान्यात किंवा स्वयंपाकघरात राबताना त्यांना सांभाळणार कोण? जनगणनेच्या उत्पन्नाच्या रकान्यात हे कर्ज दिसत नाही. ३० हजार डॉलर कमावणारा कर्जमुक्त माणूस आणि तेवढेच कमावून त्यातील मोठा हिस्सा तस्कराच्या हप्त्यापायी देणारा माणूस तेथे सारखेच दिसतात.

तेव्हा कष्टाळूपणाविषयी आपण विचारले आहे, त्याचे माझे उत्तर स्पष्ट आहे. फुझौच्या या माणसांहून अधिक कष्ट उपसणारा गट अमेरिकेत शोधणे अवघड आहे, आणि तरीही ते उत्पन्नाच्या तळाशी राहिले. तैवानी प्रौढांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पदवीधर आहेत, चिनी प्रौढांपैकी निम्म्याहून थोडे अधिक. इंग्रजीवरील पकड आणि कायदेशीर दर्जा यांतही अशीच तफावत आहे. पदवीधर अभियंत्याची तुलना पदवीधर अभियंत्याशी केली, तर दोन्ही समाजांतील अंतर पुष्कळच आटते.

प्रश्न : अमेरिकी जनगणनेत तैवानी आणि चिनी वेगळे मोजले जातात काय? एकाच घरातील दोन भाऊ वेगवेगळे उत्तर देऊ शकतील, तर अशा आकड्यांवर किती विसंबावे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. प्रश्नावलीत ‘चिनी’ यासाठी छापील चौकट असते. ‘तैवानी’ यासाठी नसते. ज्याला आपली नोंद तैवानी म्हणून व्हावीशी वाटते, त्याने ‘इतर आशियाई’ या ठिकाणी तो शब्द स्वतः लिहायचा असतो. २०२०च्या जनगणनेत मिश्र वंशाच्या लोकांसह तैवानी वगळून चिनी सुमारे ५२ लाख होते आणि तैवानी ३ लाखांच्या थोडे वर. १९४९नंतर मुख्यभूमीवरून तैवानला गेलेल्या कुटुंबांतील अनेक जण ‘चिनी’ हीच चौकट निवडतात, आणि स्वतःहून तैवानी असे लिहिणारे लोक बरेचदा राजकीयदृष्ट्या जागरूक आणि शिकलेले असतात. म्हणून शक्य असेल तेथे जन्मस्थानाच्या नोंदीवरून केलेली तुलना मी अधिक भरवशाची मानतो, जरी तीत अमेरिकेत जन्मलेली मुले सुटतात.

आणखी दोन गोष्टी आकडे वाचताना विसरू नयेत. पहिली विद्यार्थ्यांची. २०१९–२०च्या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत चीनमधील ३.७ लाखांहून अधिक विद्यार्थी होते, तैवानमधील २५ हजारांहूनही कमी. वसतिगृहात राहणारे विद्यार्थी दारिद्र्याच्या मोजणीतून वगळले जातात, परंतु बाहेर खोली घेऊन राहणारे मोजले जातात, आणि घरून पैसे येत असले तरी स्वतःची कमाई नसल्यामुळे ते गरीब ठरतात. चिनी समाजातील दारिद्र्याचे प्रमाण त्यामुळे काहीसे फुगते. दुसरी गोष्ट याच्या उलट जागी, तैवानी घरांत आढळते. १९८०च्या दशकापासून अनेक कुटुंबांत आई आणि मुले कॅलिफोर्नियात, तर वडील व्यवसायासाठी तैपेईत, अशी विभागणी झाली. सतत विमानात असणाऱ्या अशा वडिलांना त्यांच्याच समाजात ‘अंतराळवीर’ म्हटले जाई. त्यांची तैवानमधील कमाई अमेरिकी पाहणीत पुरती उतरत नाही, आणि मोठ्या घरात राहणारे कुटुंबही कागदावर अल्प उत्पन्नाचे ठरू शकते.

प्रश्न : चीन स्वतःच आता श्रीमंत झाला आहे. पुढच्या काळात हा फरक मिटेल काय?

उत्तर : वरच्या थरात तो बराचसा मिटला आहे. २०१४च्या सुमारास गुंतवणूकदारांसाठीच्या अमेरिकी व्हिसांपैकी ८० टक्क्यांहून अधिक व्हिसा चिनी नागरिकांना मिळत होते, आणि तैवानी कुटुंबांनी वसवलेल्या उपनगरांत मुख्यभूमीवरील धनिकांनीही घरे घेतली. खालच्या थरात मात्र नवे लोक येत राहिले. २०२३च्या आर्थिक वर्षात मेक्सिकोच्या सीमेवर २४ हजारांच्या आसपास चिनी नागरिक पकडले गेले. २०१६मध्ये अमेरिकेतील आशियाई वंशीयांत वरच्या दहाव्या हिश्श्याच्या सीमेवरील उत्पन्न खालच्या दहाव्या हिश्श्याच्या सीमेवरील उत्पन्नाच्या १०.७ पट होते, आणि ही विषमता देशातील कोणत्याही मोठ्या वांशिक गटापेक्षा अधिक होती. १९७०मध्ये हेच प्रमाण ६.१ होते.

कायदाही अद्याप समान नाही. विविधता व्हिसासाठी, म्हणजे अमेरिकेत कमी स्थलांतरित पाठवणाऱ्या देशांतील लोकांसाठी सोडतीने ठरणाऱ्या व्हिसासाठी, तैवानमध्ये जन्मलेले कायद्याने पात्र ठरतात, चीनच्या मुख्यभूमीवर जन्मलेले ठरत नाहीत. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डसाठी चिनी अभियंत्याला वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते, तैवानी अभियंत्याची रांग त्याहून खूपच लहान असते. ‘झूम’चे संस्थापक एरिक युआन यांचा अमेरिकी व्हिसा आठ वेळा नाकारला गेला होता आणि नवव्या खेपेस मिळाल्यावर ते १९९७मध्ये पोहोचले. त्यांच्यासारखी चिकाटी आणि शिक्षण असूनही तिसऱ्या किंवा चौथ्या नकारानंतर थांबलेले किती असतील, याची कोठेही नोंद होत नाही.

दुसऱ्या पिढीविषयी मला अधिक आशा वाटते. न्यूयॉर्कमधील स्टायव्हेसंटसारख्या, केवळ प्रवेशपरीक्षेवर प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांत आशियाई मुले बहुसंख्य आहेत, आणि त्यांतील पुष्कळ जण उपाहारगृहांत व कारखान्यांत राबणाऱ्या अल्प उत्पन्न घरांतून येतात. आईवडिलांचे प्रवासाचे कर्ज फिटले असेल आणि त्यांच्याकडे कायदेशीर कागदपत्रे असतील, तर ही मुले तैवानी अभियंत्यांच्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसून एकाच नोकरीसाठी अर्ज करतात. ज्या घरांत या दोन्ही गोष्टी नाहीत, तेथे मोठ्या मुलाला शाळा सुटल्यावर अजूनही दुकानाच्या गल्ल्यावर बसावे लागते.