मागून गाडी कडक लागतेय? विकण्याआधी चेन बघा

सर्व्हिसनंतर मागचं सस्पेन्शन दबत नाही, खड्ड्यात गाडी आपटते, कमी वेगात झटके देते, म्हणून ४५० सीसीची सिंगल (एका सिलिंडरची) मोटारसायकल विकून ट्विन (दोन सिलिंडरची) घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर अजिबात विकू नका. हा त्रास मी जसाच्या तसा काढलाय आणि गाडीत मुळात काहीच खोट नव्हती. वर्कशॉपने चेन आवळून दिली होती, रोजच्या कम्युटर गाडीला आवळतात तशी.

अ‍ॅडव्हेंचर गाडीच्या मागच्या चाकाला भरपूर ट्रॅव्हल, म्हणजे वर-खाली हलायला वाव असतो, रॉयल एन्फिल्डच्या हिमालयन ४५० ला तर २०० मिमी. चाक वर जाताना पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट म्हणजे बिजागरी आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की चेनला सगळ्यात जास्त ताण बसतो. उभ्या गाडीवर बेताची वाटणारी चेन तिथे पार ताठ होते. सस्पेन्शन अडतं आणि सगळा मार गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर (पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या दांड्यावर) जातो. माझ्या गाडीला पुढच्या स्प्रॉकेटमागे आधी नुसती तेलाची ओल दिसायची. शेवटी कव्हर काढलं तर सील गेलेलं, शाफ्ट हाताने हलत होता. बेअरिंगसाठी इंजिन खोलावं लागलं. तोवर वर्कशॉपचं एकच पालुपद, ‘सिंगलला एवढं व्हायब्रेशन असतंच.’ जॉबकार्डवर तक्रार लिहायलाही नकार! वॉरंटी मागायला हातात कागदच नाही. खर्चापेक्षा त्याचाच संताप अजून येतो.

ढिलाईचा आकडा आणि तो कोणत्या स्टँडवर मोजायचा, दोन्ही मॅन्युअलमधूनच घ्या. चाक फिरवत चेन जिथे सर्वात ताठ लागेल तिथे मोजा. मग माणसं बसवून ते तीन बिंदू एका रेषेत येईपर्यंत मागची बाजू दाबा. तिथेही चेन बोटाने थोडी हललीच पाहिजे. किंचित ढिली परवडते, आवळलेली नाही. अर्थात स्विंगआर्मवर आपटेल इतकी ढिलीही नको.

झटक्यांचं थोडं कारण चालवण्यातही असू शकतं. फोर-स्ट्रोक सिंगल क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावते. हिमालयन ४५० चा ४० न्यूटन-मीटर टॉर्क ५,५०० आरपीएमला मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये रांगवली तर चेन हिसके खाणारच, दुसरा टाका.

मी मेकॅनिक नाही. चेन बरोबर निघाली तर शॉकच्या लिंकेजचं (शॉकला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या सांध्यांचं) ग्रीस तपासून घ्या. आणि वर्कशॉप लिहून घेत नसेल तर तक्रार त्याच दिवशी ईमेल करा. तोवर पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढून फोटो टाका, ओल आहे की नाही ते दिसलं की पुढचं बोलू.