स्वतंत्र मराठी सिनेमा खरेदीदारांनी बघावा यासाठी सोशल मीडियावर काय पोस्ट करावं आणि रोज किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिनेमा तयार आहे, सेन्सॉर व्हायचाय, वितरक आणि ओटीटीवाल्यांच्या नजरेत यावा म्हणून फेसबुक-इन्स्टाग्रामवर काय टाकावं, रोज किती टाकावं आणि बूस्ट करायला (म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायला) किती पैसे ठेवावेत. 'रोज किती' हे दोन शब्द वाचले आणि मला माझा मेव्हणाच दिसला. त्याचाही पहिला प्रश्न हाच होता. म्हणून लिहायला बसलो.

पैशांचं आधी सांगून टाकतो. बूस्टला शून्य. ठेवलेले पैसे चांगले इंग्रजी सबटायटल करणाऱ्या माणसाला द्या. आता याचं कारण, आणि ते लांबलचक आहे.

कराडला माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. 2019 च्या उन्हाळ्यात आम्ही माण तालुक्यात 23 दिवसांत एक सिनेमा उरकला. पाण्याच्या टँकरवरच्या ड्रायव्हरची गोष्ट. खर्च 46 लाख, त्यातले आठ लाख मेव्हण्याने जुना जेसीबी विकून घातलेले. सरकारी अनुदान तेव्हा 'अ' दर्जाला 40 लाख आणि 'ब' दर्जाला 30 लाख होतं, त्या आशेवर आम्ही सगळं गणित बांधलं होतं. (असं गणित बांधू नका. बांधणार आहात हे मला माहीत आहे.) सिनेमाचं नाव इथं सांगत नाही. शोधलंत तर पहिली तीच क्लिप निघेल.

क्लिपचं सांगतो. सिनेमात एक प्रसंग आहे. गावात टँकर येतो, बायका तुटून पडतात, पाइपच्या ओढाओढीत ड्रायव्हर चिखलात आडवा होतो आणि एक आजी त्याला रिकाम्या घागरीने बडवते. तोंडाने शिव्यांचा पट्टा चालू. आजी गावातलीच, आणि शिव्याही तिच्याच, आम्ही लिहिलेल्या नव्हत्या. तो शॉट घेताना अख्खं युनिट पोट धरून हसत होतं. पण सिनेमात तुमचं हसू पुरतं ओसरायच्या आत त्याच गडबडीत मागच्या विहिरीत एक पोरगी पडते. आपण कशावर हसत होतो याची लाज वाटावी, यावर पुढचा सगळा सिनेमा उभा आहे.

मेव्हण्याने त्यातले 38 सेकंद कापले. पोरगी पडायच्या चार सेकंद आधी. खाली एका चालू गाण्याचा ठेका घातला, कोपऱ्यात हसून डोळ्यात पाणी आलेल्या इमोजी लावल्या आणि ऐन गणपतीत टिकटॉक, फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर सोडून दिलं. फेसबुकने गाण्याच्या हक्कावरून आवाज बंद केला, तर लोकांनी स्वतःचे आवाज घालून फिरवलं. आठवड्यात 11 लाख व्ह्यूज. निदान तो आकडा मेव्हण्याने बेरीज करून काढलेला. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मीही फोन हातातून खाली ठेवला नव्हता. दुकानात लग्नाचा अल्बम न्यायला आलेली माणसं आजीची नक्कल करून दाखवत होती.

नोव्हेंबरात आम्ही दोघं गोव्याला फिल्म बाजारला गेलो. इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत एनएफडीसी ही सरकारी चित्रपट संस्था भरवते तो सिनेमांच्या खरेदी-विक्रीचा बाजार. तेव्हा मिरामारच्या मॅरियटमध्ये भरला होता, आता त्याचं नाव वेव्ह्ज फिल्म बाजार केलंय. सिनेमा व्ह्यूइंग रूममध्ये लावला होता. तिथं खरेदीदार आणि फेस्टिव्हलवाले बूथमध्ये कानाला हेडफोन लावून सिनेमे बघतात. आवडला तर पुढं, नाही तर दहाव्या मिनिटाला दुसरा. आमच्यासारखे बाहेर घुटमळत असतात, आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर कंपनीचं नाव वाचता वाचता मान दुखते.

तिसऱ्या दिवशी एका मोठ्या कंपनीत मराठी सिनेमांची खरेदी बघणारा तिशीतला मुलगा दहा मिनिटं द्यायला तयार झाला. मी सिनेमाचं नाव सांगितलं. त्याने तिथल्या तिथं फोनवर शोधलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "हे तुमचंच ना?" घागर, चिखल, इमोजी. "भारी आहे सर हे. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पण आलं होतं." माझ्या छातीत जरा हवा भरली. मग म्हणाला, "पण गावाकडचे विनोदी सिनेमे यंदा आमच्याकडे चार आधीच झालेत."

मी म्हणालो, विनोदी नाहीये हा. पोरगी, विहीर, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग तुम्ही हेच का टाकलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे असायला हवं होतं तो शेजारीच, काजूच्या बशीत हात घालून उभा होता.

त्या मुलाचा मला राग नाही. तुम्हाला जे समजायला हवं ते त्याने अर्ध्या मिनिटात करून दाखवलं. खरेदीदार इन्स्टाग्रामवर सिनेमा शोधत फिरत नाही. त्याच्याकडे सिनेमे येतच असतात, एजंटकडून, फेस्टिव्हलकडून, ओळखीच्या संकलकाकडून. पोस्ट तो नंतर बघतो. स्थळ आलं की बघायला जायच्या आधी गल्लीत चौकशी होते ना, तशी. घर कसं आहे, पोरगा पितो का, आधी कुठं मोडलंय का. तुमचं पेज म्हणजे ती गल्ली. तिथं कुणी 11 लाख वेळा सांगितलं की पोरगा लई विनोदी आहे, तर पुढं तुम्ही कितीही म्हणा की तो गंभीर स्वभावाचा आहे.

म्हणून पेजवर सगळ्यात वर एकच पोस्ट पिन करून ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत. सिनेमाचा खरा सूर सांगणारा एक फोटो, दोन ओळींत गोष्ट, लांबी, सबटायटल कोणत्या भाषेत आहेत, सेन्सॉर झालाय का, कुठले हक्क मोकळे आहेत आणि एक ईमेल. हक्क सुटे सुटे लिहा: थिएटर, सॅटेलाइट (म्हणजे टीव्ही), डिजिटल (म्हणजे ओटीटी), परदेश. सॅटेलाइटवाल्याला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतंच, ओटीटीला ते बंधन नाही, त्यामुळे 'सेन्सॉर व्हायचाय' हे लपवू नका, तारीख घाला. लेखकाशी, संगीतकाराशी केलेले करार आणि शीर्षकाची नोंदणी फाइलला लावून ठेवलेली असू द्या. गोव्यात आमच्या संगीतकाराचा करार व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्याच्या खुणेवर होता. ती खूणही मेव्हण्याच्या फोनमध्ये, पण ते असो.

अख्खा सिनेमा कुठंही उघडा टाकू नका, 'फक्त दोन दिवस' म्हणूनसुद्धा नाही. बऱ्याच फेस्टिव्हलना प्रीमियर, म्हणजे सिनेमाचा पहिलाच खेळ लागतो, आणि एकदा सगळ्यांना दिसला की तो गेला. पासवर्ड लावलेली लिंक द्या, प्रत्येकाला वेगळी, वर त्याच्या नावाचा वॉटरमार्क घालून. आणि फेस्टिव्हलमध्ये निवड झाली तर त्यांनी जाहीर केल्याशिवाय पोस्ट टाकायची नाही. मेल आल्या रात्री हात शिवशिवतात, तरीही. ही मुंबईची खरेदी करणारी मंडळी तुम्हाला इन्स्टाग्रामपेक्षा लिंक्डइनवर सापडतील. तिथं महिन्यातून एक धड पोस्ट पुरे. चाळीस जणांना टॅग करणारा माणूस चाळीस जणांच्या डोक्यात बसतो, पण त्याच्या सिनेमासकट डोक्यातून जातो.

लोकांचा जोर दाखवून दार उघडतच नाही असं नाही. 2013 मध्ये 'शिप ऑफ थिसिअस' हा स्वतंत्र सिनेमा मोजक्या शहरांत लागला आणि बाकीच्यांना सांगितलं गेलं, तुमच्या शहरात हवा असेल तर फेसबुकवर मत द्या. तो मागणीचा आकडा शहरासकट होता. थिएटरवाल्याला एवढंच हवं असतं: माझ्या गावातले किती? सातारा, कराड, सांगलीतल्या तीनशे जणांनी तिकीट काढीन म्हणून नाव दिलं असतं तर ती यादी घेऊन मी कुठल्याही वितरकाच्या ऑफिसात बसलो असतो. मेव्हण्याच्या 11 लाखांतले महाराष्ट्रातले किती, हे त्याला आजही सांगता येत नाही. क्लिप दुसऱ्यांच्या मीम पेजवरून फिरली. कोण, कुठून, किती वेळ बघितलं, ही माहिती त्या पेजवाल्यांकडे, आमच्याकडे फक्त बेरीज. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्या बेरजेतला मोठा भागही गेला.

हे सगळं मी त्याला दर दिवाळीला सांगतो. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "दाजी, विकला कुणामुळं?"

आता नाइलाजाने हेही सांगावं लागेल. एप्रिल 2020 मध्ये आम्ही प्रदर्शन ठरवलं होतं, मार्चमध्ये थिएटरं बंद झाली. वर्षभर हार्ड डिस्क कपाटात. 2021 मध्ये घाऊक भावात सिनेमे गोळा करणाऱ्या एका डिजिटल कंपनीतून बाईंचा फोन आला. पहिलं वाक्य: "घागरवाली आजी तुमचीच ना?" सिनेमा गेला. लग्नाच्या एका बऱ्या सीझनइतके पैसे आले, म्हणजे कर्जाचं व्याज सुटलं, मुद्दल मी अजून फेडतोय. त्यांनी लावताना चित्र आजीचंच लावलं, घागर उगारलेली, आणि खाली लिहिलं 'धमाल'. मी फोन करकरून ते काढायला सांगितलं. करारात प्रसिद्धीचा सगळा अधिकार त्यांचा होता आणि खाली सही माझी होती. (तुम्ही करार वाचाल तेव्हा ही ओळ शोधा. हक्क विकताना पोस्टर आणि थंबनेल दाखवून घेण्याची अट घाला. मोठी कंपनी ऐकणार नाही, छोटी कधी कधी ऐकते.)

खाली कॉमेंट आल्या. बहुतेक शिव्या, आजीच्या तोडीच्या नव्हेत. एकाने लिहिलं होतं, कॉमेडी म्हणून पोरांना घेऊन बसलो, धाकटी रात्रभर झोपली नाही. तो स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय. दिग्दर्शक म्हणून मला मिळालेलं एवढंच एक पारितोषिक. मेव्हण्याला दाखवला, तर वाचून म्हणाला, "कॉमेडी म्हणून लावला म्हणूनच बघितला ना त्यानं?"

बायको म्हणते, तुम्ही दोघं बरोबर आहात, आता जेवा.

मला अजूनही तो चूकच वाटतो. त्या बाईंचा फोन आला नसता तर कदाचित त्या गोव्याच्या मुलाने सिनेमा नीट बघितला असता, असं मी म्हणतो. पण या दोन गोष्टी दीड वर्षाच्या अंतराने झाल्या, त्यामुळे हे वाक्य वाद घालताना चालतं, लिहून काढलं की चालत नाही, हे आत्ता टाइप करताना लक्षात आलं.

थोडं उरलंसुरलं. माझा अनुभव 2019 ते 2021 चा. तेव्हा मराठीसाठी ओटीटीवाल्यांकडे जेवढी भूक होती तेवढी आता राहिलेली दिसत नाही, त्यामुळे भावाच्या अपेक्षा कमी ठेवा. तुमच्या सिनेमाला मोठा फेस्टिव्हल मिळाला असेल तर वरचं निम्मं सोडून द्या. जानेवारी 2025 मध्ये 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलमध्ये ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, तसं काही घडलं की ती बातमीच पोस्ट असते. तसं नसेल तर पुण्याच्या पिफ फेस्टिव्हलसारख्या जवळच्या ठिकाणी सिनेमा दाखवा आणि थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या माणसांचे चेहरे टिपा, आमच्यासारखे सेटवरचे केक कापतानाचे फोटो नकोत.

आणि तुमचा सिनेमा खरोखरच विनोदी असेल, तर मी लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून मेव्हण्याला विचारा. मेसेज केलात तर नंबर देतो. फुकट सांगतो तो, फक्त संध्याकाळी सातनंतर फोन करा. माझ्या दुसऱ्या सिनेमाचं पेज गेल्या महिन्यापासून तोच बघतोय. क्लिप कुठं कापायची ते मात्र मी ठरवणार, हे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय.